जुनी मोटरबोट घेताना: वैनगंगेच्या खोऱ्यातील नवख्यांसाठी

भंडारा-गोंदियाकडे पाण्याला तोटा नाही, पण मोटरबोटीचा बाजार येथे नाही. ट्रॅक्टर जुना घ्यायचा असेल तर प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी दलाल भेटतो, गावातला मिस्त्री सोबत येतो आणि नुसत्या आवाजावरून इंजिनची दशा सांगतो. बोटीच्या बाबतीत असा माणूस आपल्याकडे सहसा मिळत नाही. कोकणात मोटर बिघडली तर शेजारच्या बंदरावर ती उघडणारा कोणीतरी असतोच. आपल्याला मात्र ती पोत्यात गुंडाळून नागपूर गाठावे लागते आणि तेथेही सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून जुनी बोट पाहताना किंमत, रंग आणि वेग यांच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हे बिघडले तर येथे कोण उघडणार? पुढील सर्व पायऱ्या याच प्रश्नाच्या अनुषंगाने लिहिल्या आहेत.

आधी पाणी ठरवावे

बोट पाहायला जाण्यापूर्वी ती कोणत्या पाण्यात चालणार हे निश्चित करावे. गावाजवळचा माजी मालगुजारी तलाव, ज्याला आपण मामा तलाव म्हणतो, तो मोटरबोटीसाठी बहुधा योग्य नसतो. पावसाळा संपताना तो भरलेला दिसतो, पण रब्बीचे पाणी सुटले की काठाने बेशरमाची झुडपे आणि मधोमध गाळ उरतो, आणि अशा पाण्यात पंखा फिरवणे म्हणजे चिखल घुसळणे. तेथे ढिवरांचा, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचा, डोंगा आणि एक बांबू एवढे पुरते. ज्याला फक्त मामा तलावात फिरायचे आहे त्याने हा लेख येथेच थांबवला तरी चालेल. त्याचे बरेच पैसे वाचतील.

मोटरबोटीचा खरा उपयोग होतो तो मोठ्या जलाशयांवर: पवनीजवळचा गोसीखुर्द, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील इटियाडोह, मोर्शीकडचा अप्पर वर्धा, पैनगंगेवरील इसापूर. यांतही फरक आहे. गोसीखुर्दच्या फुगवट्याखाली गावे, शेतशिवारे आणि झाडे गेलेली आहेत. पहिल्या हिवाळ्यात मी नकाशा पाहून एक सरळ मार्ग आखला होता, तेव्हा काठावर जाळे सावरत बसलेले एक वयस्क ढिवर काका म्हणाले होते, “तिकडून नका जाऊ ना जी, तिथं खाली गावच आहे. आंब्याची खोडं अजून उभी आहेत.” अशा पाण्यात उथळ बुडाची, सपाट किंवा किंचित निमुळत्या तळाची बोट बरी. मात्र सपाट तळाची बोट वाऱ्याच्या लाटांवर आदळते आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर उठणाऱ्या वावटळीत मोठ्या जलाशयावर ती सांभाळणे नवख्याचे काम नाही. माझे मत असे की आपल्याकडे किंचित निमुळत्या तळाची, १२ ते १४ फुटांची बोट सर्वांत कमी त्रास देते.

नागनदीचे सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत उतरते आणि त्यावर पोसलेली जलपर्णी गोसीखुर्दच्या पाण्यात पसरते, हेही ध्यानात ठेवावे. जलपर्णी पंख्याला गुंडाळली जाते आणि मोटरच्या पाणी ओढण्याच्या जाळीवर चिकटून इंजिनचे थंड होणे बंद पाडते.

परवानगीचा विषय बोटीच्या आधी

बोट दारात उभी राहिल्यावर परवानगी मागायला जाणे ही नेहमीची चूक आहे. मोठे जलाशय जलसंपदा विभागाच्या, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या, ताब्यात असतात आणि तेथील मासेमारीचा ठेका सहसा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. म्हणजे पाण्यावर उतरण्यासाठी विचारायचे एकाला आणि गळ टाकण्यासाठी दुसऱ्याला. तोतलाडोहसारखा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो आणि नवेगाव बांधचा परिसर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाशी जोडलेला आहे. तेथे खासगी मोटरबोटीचा विचार मनातही आणू नये.

यंत्रावर चालणाऱ्या नौकांसाठी आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. त्याने १९१७ चा जुना कायदा बाद केला. त्यात नौकेचे सर्वेक्षण, नोंदणी आणि विमा यांच्या तरतुदी आहेत आणि आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येते. सागरी मंडळ हे नाव ऐकून ते आपल्यासाठी नाही असे वाटते, पण तसे नाही. विकणाऱ्याकडे आधीची नोंदणी असेल तर ती बोट हजार-दोन हजार महाग असली तरी घ्यावी, कारण कागद नसलेल्या बोटीचे कागद तयार करण्यात जाणारा वेळ कोणी मोजत नाही.

मोटर कोणती असावी

जुन्या बोटीच्या व्यवहारात सांगाडा हा दुय्यम आणि मोटर ही मुख्य वस्तू असते. बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायची मोटर, जिला सगळे ओबीएम म्हणतात, तीच घ्यावी. आत बसवलेल्या इंजिनच्या बोटी स्वस्त दिसल्या तरी नवख्याने टाळाव्यात. ओबीएम सुटी काढून मिस्त्रीकडे नेता येते. आत बसवलेल्या इंजिनसाठी मिस्त्रीलाच पाण्यावर आणावे लागते.

गावातील मोटरसायकलचा मिस्त्री ज्या यंत्रावर हात टाकू शकेल असे यंत्र म्हणजे दोरी ओढून सुरू होणारी, कार्बोरेटर असलेली, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटर. १५ अश्वशक्तीची अशी मोटर साधारण ३५ ते ४० किलो भरते, म्हणजे दोन माणसे ती सहज उचलतात. फोर-स्ट्रोक मोटर पेट्रोल कमी खाते आणि आवाजही कमी करते, यात शंका नाही; परंतु इंधन इंजेक्शन आणि संगणकावर चालणाऱ्या जुन्या मोटरचा दोष शोधायला लागणारे उपकरण तालुक्याच्या गॅरेजमध्ये नसते. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी अशा नावाजलेल्या कंपन्यांच्या मोटरचे भाग निदान मागवता तरी येतात. अनोळखी नावाची मोटर निम्म्या किमतीत मिळाली तरी ती पुढे भंगाराच्या भावानेच विकली जाते.

किनारपट्टीवरून आलेल्या मोटरबाबत दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, ती केरोसीनवर चालणारी तर नाही ना. अशा मोटरी पेट्रोलवर सुरू करून नंतर केरोसीनवर न्यायच्या असतात आणि आपल्याकडे आता केरोसीन सहज मिळत नाही. दुसरी, ती खाऱ्या पाण्यात किती वर्षे होती. खाऱ्या पाण्याने आतल्या थंड पाण्याच्या वाटा क्षारांनी बुजतात आणि बोल्ट ॲल्युमिनियमला असे धरून बसतात की उघडताना तुटतात.

आणखी एक माप घरूनच ठरवून जावे. मोटरच्या दांड्याची लांबी साधारण १५ इंच किंवा २० इंच असते आणि ती बोटीच्या मागील फळीच्या उंचीशी जुळावी लागते. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली आली पाहिजे. आखूड मोटर उंच फळीवर बसवली तर पंखा हवा घुसळतो आणि बोट पुढे सरकत नाही. बोट एकाकडून व मोटर दुसऱ्याकडून घेणाऱ्यांची येथे फार फसगत होते.

मोटर तपासताना

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की मी येईपर्यंत मोटर सुरू करू नका. पोहोचताच वरचे झाकण काढून सिलिंडरला हात लावावा; तो कोमट लागला तर थंड असताना सुरू न होणारी मोटर आधीच तापवून ठेवली आहे असे समजावे. झाकणाखाली उंदराने कुरतडलेल्या नळ्या, वायरी किंवा घरटे दिसते का ते पाहावे. सिलिंडरच्या डोक्यावरील रंग भाजल्यासारखा फुगलेला असेल तर ती मोटर कधीतरी अतिशय तापलेली आहे.

त्यानंतर स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. हे मोजण्याचे मीटर अनेक दुचाकी गॅरेजमध्ये असते. ते आणि शक्य असल्यास ते वापरणारा मिस्त्री सोबत न्यावा. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, दोरी चार-पाच वेळा ओढावी. नुसता आकडा मोठा आहे की लहान यापेक्षा दोन सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत आहे का हे महत्त्वाचे. तफावत मोठी असेल तर रिंगा किंवा पिस्टन गेलेले असतात आणि अशी मोटर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पुढे खालच्या भागाचे गिअर ऑइल. तळाशी असलेला स्क्रू किंचित सैल करून पहिले थेंब बोटावर घ्यावेत. आधी पाणी आले, किंवा तेल ताकासारखे पांढरट दिसले, तर पाणी आत येऊ न देणारे सील गेले आहेत. स्क्रूच्या टोकाला लोखंडाचा बारीक चुरा असणे एकवेळ चालते, पण नखाला टोचेल असे तुकडे असतील तर गिअर झिजलेले आहेत. सील का जातात याचे एक कारण आपल्याकडे नेहमी आढळते: जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागे गुंडाळला जातो आणि हळूहळू सील कापतो. म्हणून पंखा काढून मागे धागा आहे का ते पाहावे आणि पंखा हाताने फिरवून दांडा डुलतो का तेही पाहावे. पंख्याखालचे पाते तुटलेले असेल तर मोटर खोडावर किंवा खडकावर आपटलेली आहे.

आता मोटर सुरू करण्याची वेळ. ती कोरडी कधीही सुरू करू देऊ नये. माझ्या पहिल्या खरेदीत विकणाऱ्याने मोटर ट्रॉलीवरच सुरू केली आणि “आवाज ऐका, भाऊ” म्हणत चांगली दोन-तीन मिनिटे चालवली. आवाज खरोखर छान होता. पाणी ओढणारा रबरी पंखा, ज्याला इम्पेलर म्हणतात, तो मात्र त्याच मिनिटांत जळाला असावा, कारण घरी आल्यावर मोटर पाणी फेकेना आणि पहिल्याच फेरीत ती तापून बंद पडली. इम्पेलरला पाणीच वंगण असते. त्यामुळे २०० लिटरचा ड्रम मागवावा, पंख्यावरील आडवी पट्टी बुडेल इतके पाणी भरावे आणि मगच दोरी ओढावी. काही सेकंदांत मागच्या छिद्रातून पाण्याची अखंड धार यायला हवी. किमान पंधरा मिनिटे मोटर चालू ठेवावी; धार थेंबाथेंबावर आली, वाफाळली किंवा थांबली तर आतल्या वाटा बुजलेल्या आहेत. बोटाला सोसवेल इतके कोमट पाणी ठीक आहे. मंद वेगावर गिअर पुढे, मध्ये आणि मागे टाकून पाहावा.

सांगाडा

फायबरच्या बोटीत पहिला संशय मागच्या फळीवर घ्यावा. बाहेरून फायबर दिसत असले तरी जुन्या बोटींत तिच्या पोटात बहुधा प्लायवुड असते आणि मोटरच्या बोल्टांच्या छिद्रांतून पाणी शिरून ते कुजते. मोटर वर उचललेल्या अवस्थेत तिचा खालचा भाग धरून वरखाली दाबावा आणि दुसऱ्याने फळीकडे पाहावे. फळी लवत असेल, भेगा उघडझाप करत असतील, तर सौदा तेथेच सोडावा. नंतर एका नाण्याने संपूर्ण फळी आणि तळ वाजवून पाहावा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी तो बद्द होतो. एम-सीलचे ठिगळ दिसले तर ते कशासाठी लावले हे विचारावे आणि उत्तराबरोबर विकणाऱ्याचा चेहराही पाहावा.

आपल्या भागात एक सोय आहे जी किनाऱ्यावरच्या लोकांना सुचत नाही. बोट आणायला ट्रॅक्टर-ट्रॉली जातेच. येताना कापूस-सोयाबीनच्या धर्मकाट्यावर ती आधी रिकामी आणि मग बोटीसह मोजावी. १४ फुटांचा साधा फायबरचा सांगाडा साधारण दीडशे ते दोनशे किलोंच्या आसपास असावा. काटा अडीचशेच्या पुढे दाखवत असेल तर फरशीखालचा फोम पाणी पिऊन बसला आहे आणि अशी बोट पाण्यावर आळशी आणि धोक्याची होते. अर्थात हे वजन पैसे देण्यापूर्वी व्हायला हवे, म्हणून काटा विकणाऱ्याच्या गावाजवळचा निवडावा.

ॲल्युमिनियमची बोट असेल तर ती जमिनीवर सपाट टेकवून आत तीन-चार इंच पाणी ओतावे. ज्या रिबिटी गळतात त्या बाहेरून लगेच दिसतात. पुराच्या बचावकामातून किंवा सरकारी लिलावातून रबरी बोटीही विक्रीला येतात. त्या मी सुचवणार नाही. आपल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि डिंकाने जोडलेल्या या बोटी उघड्यावर ठेवल्या असतील तर सांधे सुटतात. तरीही घ्यायचीच असेल तर संध्याकाळी हवा भरून साबणाचे पाणी लावावे आणि दुसऱ्या दिवशी सूर्य चढण्यापूर्वी पाहावे. दुपारी पाहिले तर तापलेली हवा फुगून गळती झाकून टाकते.

पाण्यावरची चाचणी आणि पैसे

ज्या बोटीची पाण्यावर चाचणी घेऊ दिली जात नाही ती बोट घेऊ नये, मग कारण कितीही पटणारे असो. चाचणीच्या वेळी एकट्याने न बसता तीन माणसांनी बसावे, कारण रिकाम्या बोटीवर थकलेली मोटरही चपळ वाटते. पूर्ण वेगाने किमान दहा मिनिटे चालवावी, मग बंद करून लगेच पुन्हा सुरू करावी. गरम मोटर सुरू न होणे हा दोष काठावर कधीच कळत नाही आणि जलाशयाच्या मध्यभागी हमखास कळतो. परत आल्यावर फरशीखाली किती पाणी साचले ते पाहावे.

किती माणसे बसवायची याचा सोपा अंदाज असा: बोटीची लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करावा आणि १५ ने भागावे. १४ फूट लांब व ५ फूट रुंद बोटीत चार माणसे, १२ बाय ४ च्या बोटीत तीन. हा आकडा लहान वाटतो, कारण आपल्याकडे नावेत जागा दिसेपर्यंत माणसे बसतात. सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून एकाच नात्यातली ११ माणसे गेली. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या सहा स्त्रिया वैनगंगेत बुडाल्या. म्हणून माणशी एक लाइफ जॅकेट हा बोटीच्या किमतीतलाच भाग धरावा आणि तो नवा घ्यावा. जुन्या जॅकेटातला फोम दबून गेलेला असतो.

पैशांचे माझे गणित साधे आहे. जवळ असलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी साठ रुपयांतच बोट व मोटर बसवावी. उरलेल्या चाळिसांत नोंदणी, जॅकेट, नवी इंधन नळी, इम्पेलर, वल्ही, दोर आणि पहिल्या सहा महिन्यांतली एक मोठी दुरुस्ती येते.

व्यवहार मुद्रांकावर लेखी करावा. त्यात मोटरच्या चौकटीवरील क्रमांक, सांगाड्याचे वर्णन, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि मूळ पावती किंवा लिलावाचा आदेश असावा. क्रमांकाची पट्टी खरवडलेली असेल तर मोटर चोरीची असू शकते; तेथे घासाघीस करण्यात अर्थ नाही.

पहिल्या महिन्यात

बोट घरी आली की पाण्यात उतरवण्यापूर्वी इम्पेलर, गिअर ऑइल, प्लग आणि इंधनाची नळी बदलावी, विकणाऱ्याने “आत्ताच बदलले आहे” असे सांगितले असले तरीही. टाकीतले जुने पेट्रोल फेकावे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करते, म्हणून लागेल तेवढेच पेट्रोल भरावे आणि महिनाभर साठवून ठेवू नये. टू-स्ट्रोक मोटरचे तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनसाठीचे, डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ असे लिहिलेले, वापरावे. स्कूटरचे टू-टी तेल आत राखेचा थर सोडते. बहुतेक मोटरींना एक लिटर पेट्रोलमागे २० मिलिलिटर तेल लागते, पण काही जुन्या मोटरींना याच्या दुप्पट. मोटरवरची पट्टी वाचूनच मिसळावे.

१५ अश्वशक्तीची मोटर पूर्ण वेगात तासाला पाच ते सात लिटर पेट्रोल पिते. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेले राखीव, असा हिशेब ठेवावा. मोटर बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांधल्याशिवाय सुरू करू नये. चालवणारा पाण्यात पडला की तीच बोटीला थांबवते. पहिल्या चार-पाच फेऱ्या हिवाळ्यातल्या सकाळी, एखाद्या जाणत्या ढिवराला सोबत घेऊन माराव्यात आणि त्यांना दिवसाची मजुरी द्यावी. खोडे कुठे आहेत, बाटल्या आणि थर्माकोलचे तुकडे बांधलेली जाळी कुठून कुठपर्यंत पसरली आहेत, हे तेच दाखवतात. जाळ्यावरून बोट नेली तर त्यांची कमाई आणि आपले सील दोन्ही एकदम कापले जाते. धरणाच्या दरवाज्यांकडे जाऊ नये आणि पावसाळ्यात विसर्गाच्या दिवसांत बोट काठावरच ठेवावी.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे दिवस, येण्यापूर्वी बोट उलटी करून, वाळवी लागू नये म्हणून दगडांवर टेकवून, सावलीत झाकून ठेवावी. मोटर उभी टांगावी, कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत ड्रममध्ये चालवून घ्यावी, प्लगच्या छिद्रांतून चमचाभर तेल सोडून दोरी एकदा हळूच ओढावी आणि मागच्या छिद्रात कापडाचा बोळा बसवावा. पहिल्या वर्षी मी तो बोळा विसरलो होतो. जूनमध्ये त्या छिद्रात कुंभारमाशीने मातीचे घर केलेले निघाले.